तुम्ही विचारलंत म्हणून: त्रेपन्न आणि ऐवत्तमूरु

"बाई, वर्गात निम्मी मुलं बाहेरची. त्यांना मराठी येईपर्यंत आमच्या मुलांनी काय करायचं?"

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. पालकसभेत येतो, चतुर्थीला घरी आलेल्या पाहुण्यांकडून येतो. विचारणाऱ्याला आपल्या मुलाची काळजी असते, म्हणून मला राग येत नाही. पण दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

आधी 'आमची मुलं' कोणती ते पाहू. ती घरी कोंकणी बोलतात. आई विचारते, 'कितले उरले?' आणि पुस्तक विचारतं, 'किती उरले?' हे अंतर लहान आहे, पण आहे. शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या धनगरवाड्यावरून आलेल्या मुलाची बोली आणखी वेगळी. त्यापुढे विजापूर, बागलकोट, गदगहून आलेल्या कुटुंबांतली कन्नड किंवा लमाणी बोलणारी मुलं. शाळेची मराठी यांतल्या जवळजवळ कुणाच्याच घरची नाही. कुणाला ती दोन पावलांवर, कुणाला दोन कोसांवर, एवढाच फरक.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एक मुलगी तिसरीत आली. वडील बांधकामावर, आई रस्त्याकडेला भाजीची पाटी घेऊन बसायची. दुसरीपर्यंत ती गावाकडे कन्नड शाळेत शिकलेली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुसार वर्ग द्यायचा, तो दिला. त्याच कायद्यात अशा मुलाला बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याचंही कलम आहे; प्रत्यक्षात ते प्रशिक्षण म्हणजे मीच होते, आणि माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र.

पहिल्या चाचणीत गणित होतं: 53 आंबे होते, 16 वाटले, किती उरले? तिने 69 लिहिलं. प्रत्येक उदाहरणात बेरीजच. महिनाभर मी तिला गणितात कच्ची समजत होते. मग एका संध्याकाळी तिच्या आईकडे तांबडी भाजी घ्यायला थांबले. शंभराची नोट दिली. पोरीने क्षणात हिशोब करून सुटे माझ्या हातावर ठेवले, बरोबर. तिला वजाबाकी येत होती. 'उरले' हा शब्द येत नव्हता. दोन आकडे दिसले की मिळवायचे, एवढंच ती अंदाजाने करत होती. त्या महिन्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी माडाच्या हिरांचे तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. मी बोलायचं आणि मुलांनी गठ्ठे व सुट्या काड्या मांडायच्या. 'त्रेपन्न' म्हटलं. आमच्या गावच्याच एका मुलाने तीन गठ्ठे आणि पाच काड्या मांडल्या. पाटीवरही 35 लिहिलं. ही चूक दरवर्षी होते, कारण 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी ऐकू येतात. 'एकोणतीस'मध्ये तर मुलाला तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात 29. मी त्या मुलीला विचारलं, तुझ्या भाषेत 53 कसं म्हणतात? तिने अगदी हळू सांगितलं, "ऐवत्तमूरु." ऐवत्तु म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. आधी पाच गठ्ठे, मागून तीन काड्या. तिने तसे मांडलेही. सगळा वर्ग बघत राहिला. त्या मुलाने परत मांडले, या वेळी बरोबर. पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज मराठीत, कोंकणीत आणि कन्नडमध्ये आकडे म्हटले. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! माझ्या वर्गात ती पद्धत एका मुलीच्या तोंडी आयती आली.

वाचनाचं एवढं लवकर जमलं नाही. इथे मी दुसरी वाट धरली, आणि ती माझी नव्हे. मुंबई-वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' चालवलं होतं: तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणी रोज दोन तास वेगळं बसवून पायापासून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी ते अभ्यासलं आणि मुलांच्या गुणांत खरोखर वाढ दिसली. माझ्याकडे दोन तास कुठले? रोज पाऊण तास, इयत्ता बाजूला ठेवून गट. अक्षर ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे एकीकडे, गोष्ट वाचणारे एकीकडे. चौथीतला गावचा मुलगा तिसरीतल्या कन्नड मुलीशेजारी बसला, कारण दोघंही शब्दांवरच अडली होती. काही पालकांना ते आवडलं नाही. मी त्यांना वही उघडून दाखवली.

तरी सगळं सुटत नाही. फेब्रुवारीत गावची जत्रा आली की कुटुंब तीन आठवडे जातं आणि परतल्यावर जोडाक्षरं पुन्हा पहिल्यापासून. मी पटावरचं नाव काढत नाही, जाताना पानं देते, पण पानं शिक्षकाची जागा घेत नाहीत. सर्वेक्षणं, आहाराची नोंद, दोन इयत्ता, यांतून तो पाऊण तास रोज वाचवणं हीच खरी लढाई आहे. अशा शाळेत आणखी एक माणूस हवा, कन्नड जाणणारा असला तर फारच उत्तम. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहीन.

आणि पाचवीत गेल्यावर? आपल्याकडे बहुतेक मुलं तेव्हा इंग्रजी माध्यमात जातात. त्या जूनपासून तुमचा मुलगाही माझ्या त्या मुलीइतकाच परका होतो, आणि तो कच्चा नाही हे त्याच्या नव्या बाईंना कुणीतरी सांगावं असं तुम्हाला वाटतं.

ती मुलगी पाचवीत गेल्यावर एकदा शाळेत आली होती, भाजीची पिशवी घेऊन. इतिहास-भूगोल कळत नाही म्हणाली, शब्द फार आहेत. मग पायरीवर बसून आम्ही एक पान वाचलं, अर्धंच झालं. उठताना म्हणाली, "बाई, फिफ्टी-थ्री. इंग्रजीतपण पन्नास आधी."