पैसे द्यायला तयार होते, घेणारा कोण ते कुणी सांगेना

माझ्या जुन्या क्रेडिट कार्डाचं प्रकरण एकदाचं मिटलं. वसुलीवाल्यांचा तगादा सोसला, दमदाटी ऐकली, पण त्याचा राग आता ओसरलाय. ओसरत नाही तो राग वेगळा आहे. हे कर्ज सध्या नेमकं कुणाचं आहे, एवढं एका कागदावर लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यातच माझा सगळा वेळ गेला.

२०१७ मध्ये ठाण्यात असताना यांची अँजिओप्लास्टी झाली. मेडिक्लेममधून जेवढं मिळालं त्याच्या वरचं बिल माझ्या कार्डावर गेलं. पुढच्याच वर्षी माझी कंपनी बंद पडली. मे २०१८ मध्ये मी शेवटचा हप्ता भरला, तेव्हा कार्डावर ६२,४०० रुपये बाकी होते. मग आम्ही नाशिकला आलो, नंबर बदलला, फोन थांबले. आधी घर उभं करायचं होतं, ते केलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन नंबरवर फोन आला. मागणी होती २ लाख ३८ हजारांची. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो फुगतो कसा हे कळलं की भीती कमी होते. कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. शिवाय उशिराचा दंड, आणि व्याज-दंड दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. तुम्ही वापरलेले पैसे त्यात किती आणि वर चढलेलं किती हे वेगळं मागा. मी तोंडी मागितलं तेव्हा समोरचा म्हणाला, "मॅडम, तुम्ही हिशोबात कशाला पडता, आज भरलंत तर ९० हजारांत मिटवतो." दीड लाख एका वाक्यात सोडणारा माणूस पावती काय देणार, हे तिथेच लक्षात आलं.

फोनबद्दल आधी सांगून टाकते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. नातेवाईक, मित्र, ऑफिसातले लोक यांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं हेही त्यात बसत नाही. माझ्या नणंदेला रात्री पावणेनऊला फोन गेला होता. मी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि पुढच्या फोनवर त्या परिपत्रकाचा उल्लेख केला. नणंदेला पुन्हा फोन गेला नाही. पोलीस घरी येतील, ४२० लागेल, हेही ऐकवलं गेलं. परिस्थितीमुळे कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कुणी उचलून नेत नाही. दिलेला चेक वटला नाही तर गोष्ट वेगळी, म्हणून पुढच्या तारखेचे चेक मागितले तर देऊ नका.

एकदा व्हॉट्सॲपवर 'लोकअदालत नोटीस' आली, वर तराजूचं चित्र, खाली गोल शिक्का. मी सरळ नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर विचारलं. तिथल्या बाईंनी यादी पाहिली, माझं नाव कुठेच नव्हतं. खरी नोटीस आली तर मात्र जरूर जा. तिथे तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, जबरदस्तीने सही घेत नाहीत.

आता मुख्य गोष्ट.

फोन करणारी एजन्सी म्हणायची, आम्ही अमुक मालमत्ता पुनर्रचना कंपनीतर्फे बोलतोय. बँका बुडीत कर्जं गठ्ठ्याने अशा कंपन्यांना विकतात, ते कायदेशीर आहे, आणि नोंदणी असलेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळते. यादीत या कंपनीचं नाव होतं. पण माझं कर्ज तिने घेतलंय याला पुरावा काय? मी सिबिलचा, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कुणाला पैसे देऊ नका). त्यात खातं बँकेच्याच नावावर आणि पुढे 'रिटन ऑफ'. त्या कंपनीचं नावसुद्धा नाही. रिटन ऑफ म्हणजे माफ झालं असं बरेच जण समजतात. तसं नसतं. बँक आपल्या हिशोबातून रक्कम बाजूला काढते, तुमच्याकडचं येणं तसंच राहतं.

बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला. "तुमचं खातं आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही." शाखेत गेले. "कार्डाचं आम्ही बघत नाही, मुंबईला मेल करा." मुंबईला मेल केला, छापील उत्तर आलं की आपल्या भावना संबंधित विभागाला कळवल्या आहेत. मी भावना कळवल्या नव्हत्या, प्रश्न विचारला होता! कंपनीला विचारलं तर तिथून उत्तर, "एजंटशी बोला, तो सेटलमेंट करेल." आणि एजंट म्हणतो, "आधी पैसे भरा, लेटर आपोआप येतं." वर महिनाअखेर आली की याचा जोर वाढायचा. "आज संध्याकाळपर्यंतच ऑफर आहे ताई, उद्या परत २ लाख ३८." पैसे कुठे भरायचे विचारलं तर एका माणसाच्या नावाचा यूपीआय नंबर पाठवला.

इथे बरेच जण दमतात आणि भरून टाकतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण रोज फोन वाजत असताना माणसाला फक्त तो थांबायला हवा असतो. पण माझं म्हणणं आहे की याच जागी पाय रोवून उभं राहायला हवं. चुकीच्या हातात पैसे गेले तर कर्ज जसंच्या तसं राहतं, आणि दोन वर्षांनी तीच रक्कम मागणारा दुसरा कुणीतरी फोन करतो. मी एजंटला एकच वाक्य ऐकवायचे: "कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्याच दिवशी भरते." तो चिडायचा, मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचे.

याच काळात ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाला माहीत हवं. अशा थकबाकीसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. माझ्या बाबतीत मे २०१८ पासून मोजायचं, पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो वगळूनही माझी मुदत २०२३ च्या मध्यालाच संपली होती. म्हणजे कोर्टात वसूल करायचा रस्ता त्यांच्यासाठी जवळपास बंद. त्या पुढे म्हणाल्या, "पण कशावर सही करू नका. मुदत संपल्यावरही 'मी देईन' असं सहीनिशी लिहून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार धरला जातो." एजंटने मला 'फक्त पत्ता अपडेट' म्हणून एक फॉर्म पाठवला होता. त्यात तिसऱ्या परिच्छेदात २ लाख ३८ हजार मान्य असल्याचा मजकूर होता. बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

मग भरायचंच कशाला, असं भावाने विचारलं. मी वापरलेले पैसे मला द्यायचे होते, त्या पैशांनी यांचा जीव वाचला होता. दुसरं, मुलाच्या नावाबरोबर माझं नाव घालून घराचं कर्ज काढायचं होतं, आणि दाव्याची मुदत संपली म्हणून सिबिलवरची नोंद पुसली जात नाही.

कोंडी फुटली ती लेखी तक्रारीने. बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याला मेल केला (पत्ता प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो) आणि तीनच प्रश्न विचारले: कर्ज विकलं का, कुणाला आणि कोणत्या तारखेला, तेव्हा बाकी किती होती. ३० दिवसांत उत्तर आलं नाही. मग बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार नोंदवली. फी नाही, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर फोन करता येतो. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून फोनवर भांडण्यात अर्थ नाही, मेलच करा. तक्रार बँकेपर्यंत पोचली आणि इतके दिवस सिस्टीममध्ये न दिसणारं माझं खातं दिसायला लागलं. कर्ज विकल्याची तारीख, कंपनीचं नाव, रक्कम, सगळं एका पानावर आलं. ते पान हातात आलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं भराभर झालं. ते पत्र जोडून कंपनीला थेट लिहिलं, एजंटला बाजूला ठेवलं. ६२,४०० वर तडजोड ठरली. पत्र लेटरहेडवर आलं, त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख, 'यानंतर कोणतीही बाकी राहणार नाही' हे वाक्य, आणि कंपनीच्या नावाचा बँक खाते क्रमांक. एनईएफटी केलं, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, आलं.

सिबिलवर मात्र 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही, आणि कर्ज देणारे त्यावर नाक मुरडतात. ज्यांना झेपेल त्यांनी पूर्ण रक्कम भरून 'क्लोज्ड' लावून घ्यावं, आणि तसं पत्रातच लिहून घ्यावं. मला व्याजाचे पावणेदोन लाख देणं मान्य नव्हतं, मी 'सेटल्ड' घेतलं. नोंद बदलायला उशीर झाला तर सिबिलकडे ऑनलाइन वाद नोंदवता येतो. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. माझी नोंद मुदतीत बदलली.

आणि हो, पैसे भरल्यानंतरही एका वेगळ्याच एजन्सीचा फोन आला, जुनी यादी त्यांच्याकडे फिरत होती. मी नो ड्यूजचा संदर्भ क्रमांक वाचून दाखवला, पत्राचा फोटो पाठवला आणि ही एजन्सी माझ्या मागे कशी लागली ते कंपनीला मेलवर विचारलं. दुसऱ्या दिवशी माफीचा मेल आला. तोही प्रिंट काढून त्याच फाइलमध्ये लावलाय.