किलोने लागतं ते मंडईतून, चिमटीने लागतं ते गॅलरीतून

ठाण्यात गॅलरीत भाजी लावायची म्हटलं की सगळे आधी टोमॅटोच का लावतात मला कळत नाही. व्हिडिओत लालबुंद घोस दिसतात म्हणून असेल, पण ते व्हिडिओ कुठल्यातरी थंड हवेच्या गावातले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा पंचविशीच्या खाली यायला तयार नसतो. अशा उकाड्यात टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात, फळ धरतच नाही. झाडाला रोग नसतो की खत कमी पडलेलं नसतं, तरी आपलं चालूच, गांडूळखत घाल, केळीच्या सालींचं पाणी घाल. टोमॅटो हवेच असतील तर गणपती गेले की रोपं करा, थंडीत मिळतील. तेही कोशिंबिरीपुरते, जांभळी नाक्याच्या मंडईत पिशवी घेऊन जायचं काही चुकत नाही.

म्हणून माझं सरळ गणित आहे, जे किलोने लागतं ते मंडईतून आणायचं आणि जे चिमटीने लागतं ते घरी लावायचं. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, दोन-चार मिरच्या. रात्री दहाला फोडणी टाकताना कढीपत्ता संपलाय हे लक्षात येतं तेव्हा या कुंड्यांची खरी किंमत कळते (पूर्वी भाजीवाले मूठभर कढीपत्ता फुकट टाकायचे पिशवीत, आता मागितला तर असं बघतात की बस).

कोथिंबीर मात्र लहरी. धणे हलकेच रगडून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे, आठ-दहा दिवसांत उगवतात. दिवाळीनंतर पेरली तर मस्त येते, मार्चनंतर पेरली तर पानं जेमतेम वाढतात तोवर तुरा काढून मोकळी. पावसाळ्यात तर रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. तेव्हा विकतची घ्यावी, काही कमीपणा नाही त्यात.

त्यापेक्षा समुद्रमेथी करा. आपल्याकडे बाजारात बारक्या बारक्या जुड्या मिळतात ना, वाळूत वाढवलेल्या, तीच. पसरट ट्रे, खाली भोकं, अर्धी माती अर्धी वाळू आणि वर मेथीदाणे दाट पेरायचे. दोन आठवड्यांच्या आत कापायला येते, म्हणजे कीड लागायच्या आधीच कढईत. फक्त वरून जाळी लावा. कबुतरांना कोवळी मेथी आपल्यापेक्षा जास्त आवडते आणि सोसायटीत त्यांना दाणे टाकणारं कोणीतरी असतंच, बोलायची सोय नाही.

पावसाळ्याबद्दल लोक उगाच रोमँटिक होतात. ठाण्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कुंडीतली माती धुऊन जाते आणि ते गढूळ पाणी बरोब्बर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या पांढऱ्या शर्टावर. त्या दिवसांत आळू आणि मायाळू सोडून मी काही लावत नाही. भाज्या हव्याच असतील तर येऊरकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, कर्टोली घेऊन बसतात, ते घ्यायचं. जे डोंगरावर न पेरता येतं त्याच्याशी आपली कुंडी काय स्पर्धा करणार.

किडींचं म्हणाल तर मिरचीवर नीट लक्ष ठेवावं लागतं. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर बहुतेक फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी बारीक कीड. नीमतेल, थोडासा साबण, पाणी, संध्याकाळी पानांच्या मागून फवारायचं, उन्हात फवारलं तर पानंच भाजतात.

कढीपत्त्यावरच्या अळीला मात्र मी हात लावत नाही. आधी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी, आपण फडक्याने पुसायला जातो आणि ती हलते. मग मोठी झाली की हिरवीगार, आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं इथेही येतात. २०१५ मध्ये आपण ज्याला राज्य फुलपाखरू केलं तो नीलवंतसुद्धा याच कुळातल्या झाडांवर वाढतो. माझ्याकडे तो अजून आलेला नाही, साधी लिंबावरची येतात. झाड पार बोडकं करतात मेली, पण कढीपत्ता चिवट, महिनाभरात परत फुटतो. शेजारच्या काकू विचारतात, "अगं, यंदा पण अळ्या पाळल्यास का?"

एवढं सगळं सांगून मी यंदा दुधी लावलाय. किलोवाली भाजी, माहितीये. पण त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात ते बघायला मला आवडतं. लांब बारीक देठावरचं नराचं, आणि ज्याच्यामागे इवलासा दुधी असतो ते मादीचं. आमच्या मजल्यावर परागकण वाहणारे रात्रीचे पतंग फारसे फिरकत नाहीत, मग ऑफिसातून आलं की नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मादीफुलात हलकेच फिरवायचं. नाही केलं तर बारका दुधी पिवळा पडून गळतो. नवरा म्हणतो, एवढी खटपट लोक मुलांच्या लग्नासाठी पण करत नाहीत. एक धरलाय आता, चांगला हातभर झालाय, आणि घरात दुधीची भाजी खाणारी मी एकटी. हलवा केला तर खाऊ असं बाकीच्यांनी कबूल केलंय, म्हणजे परत खवा आणायला मीच बाजारात.