पाडव्याचा स्वयंपाक यंदा मी केला

दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी मी इंदूरच्या आमच्या घरी कढीसाठी ताक घुसळत होतो. रामबागेतली आत्या फराळाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात आली, मला ओट्यापाशी बघून थबकली आणि आईला म्हणाली, "अगं, बिचाऱ्याला तिकडे रोजच हाताने करावं लागतं. सणाला घरी आलाय, बसू दे की सुखानं."

आत्याची माझ्यावर माया आहे. लहानपणी माझ्या खिशात गुपचूप पैसे कोंबणारी तीच. पण त्या दिवशी हे वाक्य मी घरातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. काका म्हणाले, "एवढा पगार मिळतो, मग स्वयंपाकाला बाई नाही का ठेवता येत?" शेजारच्या भाभीजी फराळाचं ताट द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "हाय राम, भैया से काम करवा रहे हो?" कुणीतरी आईकडे असं पाहिलं, की जणू तिनेच मला शिक्षा केली आहे. जर्मनीत मुलाला थंडी सोसावी लागते, एकटं राहावं लागतं, आणि त्याच यादीत स्वयंपाक करावा लागतो, असं धरून चाललेलं असतं. मला हे मनापासून खटकतं, आणि आज लिहायला बसलोय ते त्याचसाठी.

स्वयंपाक मला करावा लागत नाही. मी करतो. सुरुवातीला नाइलाज होता हे खरं. हॅनोव्हरला आलो तेव्हा कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या हेसुद्धा आईला फोन करून विचारत होतो. पण माणूस नाइलाजाने पोहायला शिकला, तरी पुढे नदी दिसली की उतरतोच ना! आज संध्याकाळी ऑफिसातून येऊन फोडणीत मोहरी तडतडली, की माझा दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. हे इंदूरला सांगितलं तर लोक समजुतीने मान हलवतात. बिचारा मनाची समजूत घालतोय, असं त्यांना वाटतं.

पाडव्याचा स्वयंपाक आपण करावा हे डोक्यात आलं ते मात्र जर्मनीतल्याच एका सणामुळे. तिथे 24 डिसेंबरची संध्याकाळ म्हणजे नाताळचा खरा सण. कागदोपत्री सुटी 25 आणि 26 ची. 24 ला दुकानं दुपारी दोनला बंद होतात, रस्ते ओस पडतात आणि जो तो आपल्या घरी. एका सहकाऱ्याने मला त्या संध्याकाळी आई-वडिलांच्या घरी नेलं. माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचा सण होता, म्हणजे सकाळपासून पेटलेल्या शेगड्या आणि घामाघूम बायका. तिथे गेलो तर सहकाऱ्याची आई मेणबत्त्यांपाशी आरामखुर्चीत बसून नातवाशी खेळत होती. जेवायला काय? बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. सॅलड आदल्या दिवशीच करून थंडीत ठेवलेलं. उत्तरेकडे ते मेयोनीज घालून करतात, दक्षिणेकडे व्हिनेगर आणि गरम रस्सा घालून. मी सॅलड आणि पाव खाल्ला. देशभर कितीतरी घरांमध्ये वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सणाच्या रात्री हेच साधं जेवण असतं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बदकाचा, लाल कोबीचा आणि बटाट्याच्या गोळ्यांचा बडेजाव दुसऱ्या दिवशी. तेव्हाही ओव्हनपाशी सहकाऱ्याचे वडील उभे होते आणि त्यांना कुणी बिचारे म्हणालं नाही.

त्या रात्री घरी परत येताना मला आई आठवत राहिली. माझ्या आठवणीतल्या एकाही सणाला ती पहिल्या पंक्तीला बसलेली नाही. पुऱ्या गरम हव्यात म्हणून ती कढईपाशी. सगळ्यांचं झालं की तीन-साडेतीनला काकू आणि ती उरलेल्या गार पुऱ्या घेऊन बसणार, तेही मांडी न घालता, पाटावर अर्धवट. आम्ही मुलं तोवर झोपलेली.

लगेच हेही सांगतो, की मला आपल्या पाडव्याला बटाट्याचं सॅलड नको आहे. त्यांचं त्यांच्यापाशी छान. पाडव्याच्या पानावर डावी-उजवी बाजू भरलेली असावी, वरणभातावर तूप असावं, वाटीत बासुंदी असावी. सण म्हणून थोडं जास्तीचं करायचं आणि ते सगळ्यांना वाढायचं, यात जी श्रीमंती आहे ती तिकडच्या मेणबत्त्यांत मला दिसली नाही. फक्त ते जास्तीचं दर वर्षी एकाच माणसाच्या पाठीवर का, एवढाच माझा प्रश्न.

तर यंदा 22 ऑक्टोबरच्या पाडव्याचा सगळा स्वयंपाक मी करणार, असं सप्टेंबरातच व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. आई आधी हसली, मग गप्प झाली आणि मग अटी घालायला लागली. नैवेद्याचं पान तीच वाढणार. दूध नेहमीच्याच डेअरीतून येणार. कांदा-लसूण नाही. मी सगळ्याला हो म्हटलं.

बेत मात्र ठरलेलाच. आमच्याकडे पाडवा म्हणजे अन्नकूट. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो: होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आमच्या लोकांनी पोळी, वरण, आमटी सोडली नाही, पण इथला गोवर्धनपूजेचा अन्नकूट पाडव्याच्या पानावर घेतला. मिळतील तितक्या भाज्यांची एकच भाजी, सोबत कढी, मूग, भात आणि पुरी. इंदूरच्या देवळांमधून तर पुढे कितीतरी दिवस आळीपाळीने अन्नकूटाचे प्रसाद चालू असतात. आमच्या घरात त्यात बासुंदी आणि खमंग काकडी येऊन बसली. ती आमची भर.

चारोळी, वेलदोडे आणि केशर मी स्वतः सियागंजात जाऊन आणलं. भाजीवाल्याच्या ठेल्यावर आदल्या दिवशी सगळं थोडंथोडं घेतलं: लाल भोपळा, सुरण, रताळं, अरबी, कच्ची केळी, फ्लॉवर, वांगी, गिलकी, भेंडी, मुळा, वालाच्या शेंगा, मेथी, पालक. घोसाळ्याला आम्ही इंदूरचे लोक गिलकीच म्हणतो आणि अळकुडीला अरबी. या भाजीत मसाल्याचं काम फार थोडं असतं. सगळी मेहनत घालण्याच्या क्रमात आहे. सुरण आणि अरबी आधी तळून घ्यायची, नाहीतर घशाला खाजतं. मग रताळं, भोपळा, कच्ची केळी. ती अर्धी शिजली की फ्लॉवर आणि वांगी. गिलकी अगदी शेवटी, कारण ती पाणी सोडते आणि बाकीच्यांना त्याच पाण्यात मुरू देते. पालेभाजी झाकण काढल्यावर. आल्याचा कीस, हिरवी मिरची, हिंग-जिऱ्याची फोडणी, थोडा गूळ, वरून लिंबू. बास.

चिरण्याचं काम मी रात्रीच बाबांना दिलं. ते आयुष्यात पहिल्यांदा विळी सोडून चाकू-पाटी घेऊन बसले आणि भोपळ्याच्या फोडी इतक्या सारख्या केल्या, की आई दोनदा येऊन बघून गेली. सालांचा डोंगर झाला. सकाळी कचरागाडी आली तेव्हा ती सालं ओल्या कचऱ्याच्या खणात टाकताना मला जर्मनीतले माझे शेजारी आठवले. आपल्या तपकिरी डब्याचा त्यांना केवढा अभिमान! जैविक कचरा वेगळा गोळा करणं तिथे 2015 पासून कायद्याने बंधनकारक आहे. मी त्यांना सांगत असतो, की माझ्या गावात दारात येणाऱ्या गाडीलाच कचऱ्याचे सहा वेगळे खण आहेत, आणि ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस तयार होतो, त्यावर शहराच्या बस धावतात. 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा तो प्रकल्प दिवसाला 550 टन कचरा घेण्याच्या क्षमतेचा होता. हे ऐकून ते गप्प होतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता बासुंदी. हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हिच्यासाठी मी हॅनोव्हरच्या विजेच्या शेगडीपाशी अनेक रविवार घालवले आहेत. तिथलं दुकानातलं दूध साडेतीन टक्के स्निग्धांशाचं आणि होमोजिनाइज केलेलं असतं. म्हणजे स्निग्धांशाचे कण इतके बारीक फोडलेले, की ते वर येऊन साय धरतच नाहीत. तासन्तास आटवलं तरी पातळ सायीचा एक पापुद्रा येतो आणि ढवळला की नाहीसा होतो. आटून दूध गोड होतं, रंगही बदामी येतो, पण चमच्याला अंग लागत नाही. मग मी त्यात क्रीम घालायचो. लोकांना आवडायची, मला नाही.

इथे सहा लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत ओतलं आणि पहिल्या उकळीतच फरक कळला. उकळी बसल्यावर दुधावर साय अशी धरली, की उलथन्याने ती कडेला सारावी लागत होती. कडेला चिकटलेली साय सुकू द्यायची नाही. खरवडून परत दुधात. बूड सतत हलतं ठेवायचं, आच मध्यम. जर्मनीतल्या अंदाजाने मी वेळ धरली होती, पण म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळपास दुप्पट, त्यामुळे ते कितीतरी आधी दाटायला लागलं. निम्म्यावर येण्याच्या थोडं आधीच मी साखर घातली. साखरेने दूध पुन्हा सैल होतं, म्हणून ती शेवटी. परत थोडं उकळलं, मग गॅस बंद करून वेलची, जायफळ, चारोळी आणि दुधात घोटलेलं केशर. आईने चमचा उलटा धरून त्यावर बोटाने रेघ ओढली. रेघ तशीच राहिली, तिच्या दोन्ही बाजूंनी बासुंदी ओघळली नाही. ती काही बोलली नाही, चमचा चाटून धुवायला टाकला.

पुऱ्या मागच्या अंगणात तळल्या. हॅनोव्हरच्या घरात मी पुऱ्या तळत नाही. झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराची घंटा बसवणं तिथे सक्तीचं आहे, आणि तेल जरा तापलं की ती कोकलायला लागते. नियम चांगला आहे, त्याने माणसं वाचतात, मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण उघड्या आभाळाखाली, लोखंडी शेगडीवर मोठी कढई ठेवून, चुलतभाऊ लाटतोय आणि आपण झाऱ्याने पुरी दाबून फुगवतोय, ही मोकळीक मला तिथे कधीच मिळायची नाही. त्या दोन तासांत मला परदेशात राहिल्याचं जेवढं दुःख झालं, तेवढं विमानतळावरही कधी झालेलं नाही.

आईने नैवेद्य दाखवला, बाबांना ओवाळलं आणि ती सवयीने अंगणाकडे निघाली. काकूने तिचा हात धरून पाटावर बसवलं. ती बसली, पण निम्मं लक्ष कढईकडे. "मोहन कमी पडलं का रे? आच मोठी नको." मी तिच्या पानात पहिली पुरी टाकली. तिने ती फोडली नाही, तशीच बघत बसली, मग बोट लावलं, वाफेने पटकन मागे घेतलं. गरम पुरी तिच्या पानात पडायची ही पहिलीच वेळ असावी. मग मात्र तिने मागून मागून घेतल्या. बासुंदीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली तेव्हा आत्याच म्हणाली, "वहिनी, आज बसल्यास तर नीट जेव."

लोक म्हणतात, मुलं बाहेर गेली की घराला पारखी होतात. काहींच्या बाबतीत ते खरं असेल. पण माझ्या वयाचे, इंदूरातच राहिलेले, आईच्या शेजारच्या खोलीत झोपणारे किती मुलगे मला ठाऊक आहेत, ज्यांनी घरात चहा केलेला नाही. त्यांना आत्या कधी काही म्हणत नाही. मी वर्षाचे अकरा महिने लांब असतो, हे मी नाकारत नाही. बाबांना दवाखान्यात न्यायला मी नसतो, चुलतभाऊ असतो, आणि त्याचं ऋण माझ्यावर आहे. पण इंदूरातच राहिलो असतो तर मी पाडव्याला कढईपाशी उभा राहिलो असतो का? मला नाही वाटत. ओट्यापाशी जायला मला तो लांबचा वळसा घ्यावा लागला, आणि तो घेतला हे चांगलंच झालं असं मी मानतो.

पुढच्या दिवाळीची रजा मी हॅनोव्हरला परत आल्याच्या आठवड्यातच टाकली आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तोवर भरपूर वेळ. बाबांना भाऊबीजेला दाल-बाफले हवेत, म्हणजे वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे. आईचं म्हणणं, बाफल्यांचं काम मोठं, तू कणकेला हात लावू नकोस, उकडायचं आणि भाजायचं मी बघते. त्यावर आमचं रोज फोनवर चालू आहे, आणि चुलतभावाने गोवऱ्यांची जबाबदारी आत्ताच घेतली आहे.