आमची वाटचाल : खडी फोडण्यापासून पाणंदीपर्यंत

आमचा रस्ते बांधायचा धंदा दुष्काळात सुरू झाला असं सांगितलं की लोक हसतात. पण खरंय. १९७२ला आजोबा दुष्काळी कामावर मुकादम होते, हजेरी घ्यायची, खडीचे ढीग मोजून घ्यायचे. बाया उन्हात बसून हातोडीनं दगड फोडायच्या, दुपारी खायला सुकडी. त्या वेळी हाताला काम मिळावं म्हणून रस्ता काढायचे, त्यामुळं मातीकाम झालं, खडी पडली आणि रस्त्याखालून पाणी जायची मोरी राहिली ती राहिलीच, असे कितीतरी रस्ते अर्धवट पडले.

तोवर शेती मात्र बदलली होती. हायब्रीड ज्वारी आली, खताची पोती आली, पाण्याची सोय झाली तिथं ऊस वाढला, आणि ऊस एकदा तोडला की थांबत नाही, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, मग बैलगाडीच्या वाटेनं ट्रॅक्टर-ट्रॉली कशी जाणार? तिथं वडिलांनी जुना तीनचाकी रोलर घेतला, सुरू कमी व्हायचा आणि गॅरेजमध्येच जास्त असायचा.

पहिलं स्वतःचं काम काळ्या जमिनीत. टेंडरात भाव खाली भरलेला, म्हणून मुरूम कमी टाकला (आमचीच हाव, दुसरं काय). परतीचा पाऊस झाला आणि पहिलीच ट्रॉली अक्सलपर्यंत खाली. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, वरची खडी सरळ गिळते. सगळं उकरून घरच्या पैशानं परत केलं.

२५ डिसेंबर २०००ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, ५०० लोकवस्तीची गावं जोडायची, ३.७५ मीटर डांबर आणि पाच वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची! त्या अटीनं आम्हाला वळण लावलं. तेव्हापासून डांबराआधी गटार आणि साईडपट्टीचा उतार बघतो, पाणी साचलं की खड्डा आपल्याच बोकांडी.

मागं एका जुन्या रस्त्याचं रुंदीकरण करताना फूटभर खाली हातफोडीची खडी लागली, दुष्काळातली. इतकी घट्ट बसलेली की जेसीबीचा दात घसरत होता. ती तशीच ठेवली, वरून थर दिला.

आता जास्त करून पाणंद रस्ते, म्हणजे शेतात जायच्या वाटा. दोन चालू आहेत. एकीचं बिल अडकलंय, दुसरीवर दोन भावांचं बांधावरून भांडण, रोलर कडेला उभा आणि ड्रायव्हर सावलीत झोपलेला.