कमवा आणि घटवा

दुकानाच्या काउंटरला उभं राहिलं की समोरच्या इमारतीवरचा जिमचा फ्लेक्स बरोबर डोळ्यांत येतो. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई. पुरुषाला तोंड आहे. दात आवळलेत, कपाळावर घाम आहे, हातात डंबेल आहे. बाईला तोंडच नाही. हनुवटीखाली तिला कापलीय आणि मांड्यांपाशी ती संपते. मध्ये कंबर, आणि कंबरेभोवती पिवळी टेप.

माझा पहिला राग त्या टेपवर आहे, आणि तो धंद्यातला राग आहे. बावीस वर्षं झाली साताऱ्यात मी बायकांचे कपडे शिवते. कंबरेचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची असतात. या बाईनं टेप अशी आवळलीय की त्या मापाचा परकर शिवून दिला तर पहिल्या जेवणालाच नाडी तुटेल. शिवाय टेपवरचे आकडे उलटे आहेत, आरशात दिसावेत तसे. फोन नंबरला जागा करायला फ्लेक्सवाल्यानं चित्र डावं-उजवं फिरवलं असणार. दोन वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण टेप वाचायला त्या चित्राकडे कोण बघतंय?

पुरुषाच्या खाली लिहिलंय, ‘ताकद कमवा’. बाईच्या खाली, ‘कंबर घटवा’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘लग्न ठरलंय? ९० दिवसांचं खास पॅकेज’.

हे साताऱ्यात. ज्या गावात कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’वर पिढ्या शिकल्या, तिथं बायकांच्या वाट्याला ‘घटवा’. पण खरं सांगायचं तर यात एकट्या फ्लेक्सवाल्याचा दोष नाही, आपली भाषाच तशी आहे. शरीर ‘कमावतो’ तो गडी. ‘कमावलेलं अंग’ म्हटलं की पैलवानच डोळ्यांसमोर येतो. ‘कमावलेली बाई’ म्हणून बघा कुणाला, समोरचा पगार विचारेल.

माझ्यासमोर रोज बायका हात वर करून उभ्या राहतात. टेप छातीवरून कंबरेवर आली की दहातल्या आठजणी काहीतरी बोलतात. ‘वाढलेय ना हो मी?’ ‘सध्या जरा सुटलेय.’ ‘फिटिंग टाइटच ठेवा ताई, पुढच्या महिन्यात बारीक होणारे.’ आणि लगेच, त्याच दमात, ‘पण आत दाब भरपूर ठेवा हं.’ दाब म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, पुढे कपडा सैल करायला. तो मी न सांगताच ठेवते. बावीस वर्षांत ‘बारीक झाले, आत घ्या’ म्हणून आलेले ब्लाउज आणि ‘जरा सोडून द्या’ म्हणून आलेले ब्लाउज यांची मोजदाद केली नाही, पण दाब का ठेवते ते तुमच्या लक्षात आलं असेल. शेजारी जेंट्स टेलर आहेत. ते सांगतात, पुरुषही माप देताना पोट आत ओढतात. पण माफी कुणी मागत नाही.

मी जिमला गेले ती मशीनमुळे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाऊस हटतच नव्हता, तेव्हा एका रात्री आमच्या गाळ्यात पाणी शिरलं. पायरीच्या वर आलं तेव्हा मी एकटीच होते. कापडाचे गठ्ठे फळीवर टाकले, गिऱ्हाइकांच्या पिशव्या टाकल्या. ओव्हरलॉक मशीन खाली फरशीवर होतं, दुरुस्तीला न्यायचं म्हणून उतरवून ठेवलेलं. ते उचलून टेबलावर ठेवायचं होतं, बस. गुडघ्यापर्यंत आलं, पुढे येईना. कंबरेत अशी कळ आली की मी पाण्यातच बसले. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारली. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा. आला, उचललं, ठेवलं, ‘काकू, एवढंच ना?’ म्हणाला आणि गेला.

ते ‘एवढंच ना’ माझ्या डोक्यातून जाईना. तरी जिमची पायरी चढायला २०२२ उजाडलं. मध्ये करोना, मग मुलीची बारावी, मग आपली नेहमीची कारणं.

जिममध्ये फॉर्म भरायचा होता. ‘व्यायामाचा उद्देश’ या रकान्यात बायकांसाठी चार चौकटी होत्या: वजन कमी करणे, टोनिंग, लग्न, प्रसूतीनंतर. एकीवरही खूण करता येईना. लग्न होऊन चोवीस वर्षं झालेली आणि धाकटा नववीत. मी खाली हातानं लिहिलं, ‘शिलाई मशीन उचलायचं आहे’. ट्रेनर पोरगा हसला. चांगला आहे पोरगा, पण हसला. आणि माझ्या हातात एक किलोची दोन गुलाबी डंबेलं दिली. ‘काकू, जास्त वजन नको. हात पुरुषी दिसतात मग.’

मी त्याला म्हटलं, ‘बाळा, माझी इस्त्री साडेसहा किलोची आहे. ती दिवसातून शंभर वेळा उचलते. आता हे गुलाबी कशाला देतोस?’

त्याला कर्णम मल्लेश्वरी माहीत नव्हती. सिडनी ऑलिम्पिक, २०००. ६९ किलो गटात स्नॅचला (एका दमात डोक्यावर) ११० आणि क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३०, मिळून २४० किलो. ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई वजन उचलणारी निघाली. हा पोरगा त्या वर्षी जन्मलेला. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ शोधला, बघितला, आणि मग निमूटपणे मला वजनं लावायचा लोखंडी बार कुठं आहे ते दाखवलं. नुसता बारच वीस किलोचा असतो हे मला तेव्हा कळलं. पहिले दोन आठवडे मी नुसता बारच उचलत होते. पाठ सरळ, बार नडग्यांना घासत वर, जोर टाचांतून. इतकी वर्षं मी सगळं कंबरेतून वाकून उचलत होते. त्या रात्री पाण्यात कंबर का गेली, त्याचं उत्तर त्या दोन आठवड्यांत मिळालं.

दुकानात बसून गिऱ्हाइकांना मी आता सरळ विचारते, ‘तुम्ही का जाता हो व्यायामाला?’ माप घेताना बायका खरं बोलतात. एक प्राथमिक शिक्षिका रोज पहाटे अजिंक्यतारा चढते. म्हणाली, ‘वर मंगळाईच्या देवळापर्यंत मला कुणी “अगं” म्हणत नाही.’ एकीची पाळी गेली, डॉक्टरांनी हाडांची तपासणी करून वजन उचलायला सांगितलं. ती पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन घरीच करते, कारण जिममध्ये गेली तर सासू म्हणेल ‘आता कुणाला दाखवायचंय?’ एकीला शुगर आहे. एकीला नवरा गेल्यापासून झोप नव्हती, ती आता ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चालून येते आणि रात्री दहाला डोळा लागतो. आणि हो, एकीला खरंच लग्नाच्या शालूत बारीक दिसायचंय. तिला मी नावं ठेवणार नाही. मीही आरशात बघते. पण ती एकटीच फ्लेक्सवर आहे, बाकीच्या सगळ्या गायब.

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात कसून घाम गाळणाऱ्या म्हणजे पोलीस भरतीच्या पोरी. माण-खटावकडून येतात, खोली करून राहतात, पहाटे साडेपाचला ग्राउंडवर. ८०० मीटर, १०० मीटर, आणि चार किलोचा गोळा. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला तोंडपाठ. उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते. त्यात अर्धा सेंटिमीटर कमी भरलेली एक पोर माझ्या दुकानात बसून रडली होती, म्हणजे मापाचा जाच तिथंही आहेच. पण एक गंमत बघा. भरतीत पोरांची छाती मोजतात, फुगवून आणि न फुगवता. पोरींची मोजत नाहीत. सरकारी नियमात का होईना, एक जागा अशी आहे की जिथं बाईच्या अंगाला टेप लागत नाही.

या पोरी माझ्याकडे काय घेऊन येतात माहीत आहे? ट्रॅक पँट. ‘ताई, खिसा लावून द्या.’ बायकांच्या व्यायामाच्या कपड्यांना खिसे नसतात, किंवा करंगळी जाईल एवढे असतात. अंधारात पळायचं, तर मोबाइल आणि खोलीची किल्ली ठेवायची कुठं? मी आतून अस्तराचं कापड घेऊन सात इंच खोल खिसा लावते, वर चेन. पन्नास रुपये. गेल्या भरतीच्या आधी एका महिन्यात चाळीस पँटींना खिसे लावले. पँटीच्या पाकिटावर मात्र ‘फिगर हगिंग’ असं इंग्रजीत छापलेलं.

कपड्यांचा विषय निघालाय तर एक सांगतेच. स्पोर्ट्स ब्राची जाहिरात बघितली तर वाटतं ती बघणाऱ्यासाठीच केलीय. पहिली ब्रा कशी झाली ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. १९७७, अमेरिकेतलं व्हर्मॉंट. लिसा लिंडाल नावाची बाई पळायची आणि पळताना तिला त्रास व्हायचा, इतकं साधं. तिची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवणारी. हिंडा मिलर तिच्या हाताखाली. त्यांनी पुरुषांचे दोन सपोर्टर आणले, आपले पैलवान लंगोटाऐवजी हल्ली घालतात ते, आणि जोडून शिवले. झाली ब्रा. पळायचं एकीला आणि मशीनवर बसली एक शिवणारी. जाहिरातवाले नंतर आले.

भरतीच्या अकॅडमीचा फ्लेक्स आमच्या चौकात दर निकालानंतर लागतो. छपाई तशीच भडक, फॉन्ट तेच. पण त्यावर पोरींचे पासपोर्ट फोटो असतात, तोंडासकट. खाली पूर्ण नाव, गाव, आणि गुण. कंबर कुणाचीच दिसत नाही. गेल्या खेपेला त्यात माझ्या खिशाच्या गिऱ्हाइकांपैकी तिघी होत्या. मी चपला घालून चौकात गेले आणि तो फ्लेक्स सगळा वाचला.

भाची मुंबईला जाहिरातीच्या कंपनीत आहे. ती म्हणते, मावशी, यावर नियम आहे. जाहिरात क्षेत्राचं स्वतःचं मंडळ आहे, १९८५ पासूनचं. त्यांनी जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. अंगकाठी ठरीव साच्यात बसत नाही म्हणून एखादीला प्रेमात किंवा नोकरीत अपयश येतं, असं जाहिरातीनं सुचवू नये, असंही त्यात आहे. मी म्हटलं, छान आहे. पण फ्लेक्स दहा बाय आठचा, आमच्या गल्लीतला, तक्रार केली तर जिमवाला रोज सकाळी मला दुकान उघडताना बघणार. आणि त्याच्याच आईचे ब्लाउज माझ्याकडे शिवायला आहेत. ती म्हणाली, मग त्यालाच सांग. सांगितलं. टेपचे आकडे उलटे आहेत एवढंच सांगितलं. तो बाहेर येऊन रस्त्यात उभा राहिला, वर बघितलं, आणि ‘आयला’ म्हणाला.

नवरात्राच्या आधी तो दुकानात आला. नवा फ्लेक्स करायचाय, आपल्याच गावातल्या बायकांचे फोटो लावू म्हणाला. ‘काकू, तुमचाही देता का? आधीचा आणि आताचा.’

‘देते की,’ म्हटलं. ‘मशीन उचलताना काढ.’

‘ते काढू. पण वजन किती कमी झालं ते खाली टाकावं लागेल.’

‘कमी कुठं झालंय? पावणेदोन किलो वाढलंय.’

तो थोडा वेळ काउंटरवरचं बटणांचं खोकं चाळत बसला. मग म्हणाला, ‘मग असू द्या काकू, पुढच्या वेळी बघू.’

त्याच्या आईचे दोन ब्लाउज तयार होते, ते त्याच्याच हाती दिले. मग माझा स्वतःचा काढला, घटस्थापनेला घालायचा पिवळा, तीन वर्षांपूर्वी शिवलेला. कंबरेला बरोबर बसत होता, दंडात अडकत होता. मुंढ्यापासून बाही उसवली. आत पाऊण इंच दाब होता, सगळा सोडला.