सायकल मारून आलोय की

दुसऱ्या रेल्वे गेटाला गेट पडलं की बेळगावच्या टिळकवाडीचा माणूस दोनच कामं करतो, एकतर गाडी बंद करून मोबाईल काढतो नाहीतर शेजारच्याच्या गाडीवर काय लादलंय ते बघत बसतो. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी नवीकोरी गिअरची सायकल घेऊन, डोक्यावर हेल्मेट, असा पहिल्यांदाच तिथं उभा होतो आणि शेजारी एक म्हातारा शेतकरी, काळी जुनी सायकल, मागं कॅरिअरला मेथी-कोथिंबिरीचं बोचकं बांधलेलं. त्यानं आधी माझी सायकल बघितली, मग मला बघितलं, मग माझं पोट.

"केवढ्याला घेतलासा ओ?"

"अठरा हजार."

"अठरा हजार! आणि कॅरिअर दिलं न्हाईत व्हय?"

मी म्हटलं, ह्या सायकलला कॅरिअर नसतं मामा. तो म्हणाला, "मग ह्याच्यावरनं न्हेतासा काय?" आता काय सांगणार, मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, हे की. म्हातारा इतका हसला की पलीकडचे स्कूटरवाले पण बघायला लागले. तेवढ्यात रेल्वे गेली, गेट उघडलं आणि तो बोचक्यासकट माझ्यापुढं निघून गेला. मी गिअर शोधत होतो.

सायकल घ्यायचं कारण म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. साखर अजून काठावर होती, पण डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजली ती भरली १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची ९० च्या आत पाहिजे म्हणाले. उंची ५ फूट ६ इंच आणि वजन ९१ किलो, त्याचा बीएमआय की काय तो, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३२ आला आणि भारतीय माणसाला २३ च्या वर गेला की जास्तच धरतात म्हणे. मी घरी येऊन उलटा हिशोब केला तर २३ ला माझं वजन ६५ किलो पाहिजे. माझ्या लग्नातल्या फोटोत सासरचे लोक माझ्याकडं बघून 'पोरगं खातंय काय नाही' म्हणत होते तेव्हा मी ६८ होतो. असो. आठवड्याला निदान १५० मिनिटं घाम येईल असं काहीतरी करा, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. चालायला गेलो तर गुडघा बोलायला लागला. सायकलीत वजन गादीवर पडतं, गुडघ्यावर तेवढं येत नाही, म्हणून सायकल.

सायकल आपल्याला येतेच, हा एक माज होता. लहानपणी तासाच्या भाड्यानं आणलेल्या मोठ्या माणसांच्या सायकलीत दांडीखालनं पाय घालून हाफ पायडल मारलेली आमची पिढी. पण तेव्हा पोट नव्हतं हो. आता खाली वाकून हँडल धरायचं म्हणजे मांडी वर येते तिथं पोट आधीच बसलेलं असतं. पहिले पंधरा दिवस तर सीट इतकी खाली होती की मी बेडूक बसल्यासारखा दिसत होतो आणि गुडघा परत दुखायला लागला, शेवटी सायकल दुकानातल्या पोरानं दाखवलं, पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात थोडासाच वाक. चार बोटं सीट वर घेतली आणि गुडघा गप्प.

आता खरी गंमत. दोन महिने सायकल मारली, आठवड्यातनं पाच दिवस, आणि वजन झालं साडेएक्क्याण्णव. अर्धा किलो वर! मी वजनकाटा हलवून बघितला, दुसऱ्या फरशीवर ठेवून बघितला. बायको दारात उभी राहून बघत होती, ती म्हणाली, "अहो, तुम्ही तासभर सायकल मारता आणि उरलेले तेवीस तास सायकल मारली म्हणून खाता."

खरं होतं ते. बेळगावचं गावच असं आहे की सायकल कुठल्याही दिशेला वळवा, पुढं काहीतरी खायचं निघतंच. कॅम्पात गेलात तर बेकरीत खारी आणि ब्रेड निघायची वेळ तीच. हिंडलग्याच्या बाजूला गेलं की चहाच्या गाडीवर गरम मिरची भजी. शहापूर-खडेबाजारातनं परत आलं तर कुंदा, मांडे, आणि नुसतं बघून पुढं गेलं तर आपलाच अपमान झाल्यासारखं वाटतं. मी आणि माझा एक शाळेतला दोस्त रविवारी निघायचो, वीस किलोमीटर मारायचो आणि हॉटेलात बसून पहिल्यांदा शिरा, मग डोसा, मग 'घामानं मीठ गेलं असणार' म्हणून वडा-सांबार आणि वर दोन चहा. तो वेटरला हौसेनं सांगायचा, "सायकल मारून आलोय की बे!" म्हणजे जणू परमिट.

एका रात्री मी कागद घेऊन बसलो. माझं वजन धरून, सोळा-सतराच्या वेगानं तासभर सपाटीला सायकल मारली तर साधारण ५०० कॅलरी जादा जळतात. आणि एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी. म्हणजे काहीही जादा न खाता पंधरा तास पायडल मारायचं तेव्हा एक किलो! आता दुसरी बाजू. मी दिवसाला पाच चहा पितो, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमच्याला २० कॅलरी धरल्या तर २०० झाल्या. म्हणजे आठवड्याच्या पाच तासांच्या सायकलीतली निम्म्याहून जास्त कमाई मी बशीत ओतून पिऊन टाकत होतो, आणि तो शिरा-डोसा तर अजून हिशोबात धरलाच नव्हता. कागद बघून इतकं वाईट वाटलं की उठून चहा टाकावा वाटला.

मग उपाशी राहायचे प्रकार सुचवणारे भेटायला लागले. ऑफिसात प्रत्येकाकडं एक डाएट. एकजण म्हणे भात बंद, एकजण म्हणे फक्त भातच, एकजण म्हणे रात्री जेवायचंच नाही, आणि तो स्वतः अकरा वाजता फरसाणाच्या डब्यात सापडलेला आहे म्हणून त्याच्या बायकोनंच सांगितलं. मला ते जमणारं नव्हतं. बेळगावच्या माणसाला भात बंद म्हणणं म्हणजे गल्लीतनं काढून टाकल्यासारखंच. मी एवढंच केलं, चहा तीनवर आणला आणि साखर अर्धा चमचा. पहिले आठ दिवस तो काढा लागला, मग जीभ विसरली, आता दुसऱ्याच्या घरचा चहा तोंडात धरवत नाही. भात एकदाच घ्यायचा आणि आधी उसळ. आमच्याकडं अनगोळ-येळ्ळूरच्या काळ्या शिवारातला मसूर मिळतो, लहान दाण्याचा, त्याची आमटी-उसळ वाटीभर पोटात गेली की दुसऱ्या वाढीला हातच जात नाही. भाकरी ठेवली. शेंगाचटणी पण ठेवली, पण तिच्यावर तेलाची धार सोडायची सवय बंद, कारण साखरेच्या ग्रॅमला ४ कॅलरी तर तेलाच्या ग्रॅमला ९, हे मला पन्नाशीला कळलं.

कुंदा सोडला नाही. तो सोडून मला जगायचं नाही. दूध आटवत आटवत साखरेसकट तांबूस होईपर्यंत आटवलेला तो प्रकार, त्याला पर्याय म्हणून कोणी मला खजूर दिला तर मी मैत्री तोडेन. फक्त पाव किलोचा डबा घरी आणायचा नाही, रविवारी दुकानात उभं राहून पन्नास ग्रॅम खायचा आणि निघायचं. उभ्यानं खाल्लं की कमी खाल्लं जातं, हा माझा स्वतःचा शोध आहे, ह्याला आधार काही नाही.

वजन हलायला लागलं ते तेव्हापासनं. महिन्याला दीड-दोन किलो, कधी त्याहून कमी. मेपर्यंत ८५. मग जूनला पाऊस लागला. बेळगावचा पाऊस म्हणजे मुंबईसारखा येऊन गेला असा नाही, तो पाहुण्यासारखा राहायलाच येतो, दिवस दिवस बारीक पिरपिर. सायकल पोर्चमध्ये आणि मी खिडकीत, हातात भजी. दोन किलो परत आले. वाईट वाटून घेतलं नाही, भजी चांगली होती.

पावसानं उघडीप दिली की मी वेंगुर्ला रोडला जायचो. तिथं मला वाऱ्याचं गणित कळलं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे सुळगा, उचगाव फाटा, बाची करत शिनोळीकडं जाताना तो छातीवर येतो, पायडल मारतोय पण सायकल जागची हलत नाही असं वाटतं, आणि येताना पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडतो. हिवाळ्यात उलटं. जाताना वाटतं आपण फारच तयार झालो, आणि पोटात कावळे ओरडत असताना परतीला वारा समोरनं. त्यामुळं हिवाळ्यात मी खिशात केळं ठेवतो, नाहीतर पहिल्या भजीच्या गाडीला शरण जातो. शिनोळीला महाराष्ट्र लागतो. पाट्या बदलतात, एसटीची गाडी दिसते, पूर्वी फोनला रोमिंग लागायचं. ज्या हद्दीपायी १९५६ पासनं आमच्या घरात दोन पिढ्या बोलून थकल्या ती हद्द मी एका केळ्यावर ओलांडून, पलीकडं बिनसाखरेचा चहा मागून, चहावाल्याचं तोंड बघून परत येतो.

रोजची फेरी मात्र काँग्रेस रोडनं. त्या बाजूला काँग्रेस विहीर आहे, १९२४ च्या अधिवेशनाला पाण्याची सोय म्हणून खणलेली, गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांनी दिल्लीत २१ दिवसांचा उपास केला होता आणि डिसेंबरात इथं आले. मी तिथनं जाताना दर वेळी मनात येतं, एवढा उपास करून माणूस बेळगावला आला आणि आमच्या लोकांनी त्यांना काय काय खाऊ घालायला बघितलं असेल. आग्रह करायची आमची सवय काही आजची नाही.

तिथनं तिसऱ्या गेटाकडनं पुढं उद्यमबागला गेलं की सकाळच्या शिफ्टची माणसं भेटतात. फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये जाणारी. बरेचजण आता मोटरसायकलवर, पण काही अजून सायकलीवरच, हँडलला डब्याची पिशवी, अंगावर कालचाच शर्ट. एकाच्याही पोटाला वळकटी नाही. मी हेल्मेट घालून त्यांच्यामधनं जातो तेव्हा थोडं चोरट्यासारखं वाटतं, कारण ते कामाला चाललेत आणि मी जादा खाल्लेलं फेडायला. त्यातल्या एकानं एकदा विचारलं, "साहेब, रोज कुठं जाऊलालासा?" मी म्हटलं, कुठं नाही, असंच जाऊन परत येतो. तो म्हणाला, "मग जातासा कशाला?" आणि त्याचा प्रश्न बरोबरच होता की.

राजहंसगडाच्या चढाला मी अजून दोनदा उतरतो. चढाला किलो न् किलो मोजला जातो, पण उतारावर मात्र वजनदार माणूस पुढं, तिथं माझा बारका दोस्त मागं राहतो आणि मी ब्रेक दाबत येळ्ळूरच्या वेशीपर्यंत राजासारखा येतो. तेवढं एक सुख वजनात आहे, खोटं का बोला.

आणि ह्या नवरात्रात मी कॅरिअर बसवून घेतलं. सायकल दुकानातलं पोरगं म्हणालं, काका, गिअरच्या सायकलला कॅरिअर शोभत नाही ओ. बसव म्हटलं. कारण एवढंच की थांबल्याशिवाय मला सायकल मारता येत नाही, ते कळून चुकलंय, मग थांबायचं तर हॉटेलच्या दारात कशाला, शेताच्या बांधाला थांबू. उचगाव-बेकिनकेरेच्या तांबड्या रानात ह्या दिवसांत रताळी निघतात, रस्त्याकडंला ढीग लागलेले असतात. परवा पाच किलो घेतली, कॅरिअरला बांधली, आणि दुसऱ्या गेटाला गेट पडलं होतं तिथं मुद्दाम इकडं तिकडं बघितलं, पण मेथीवाला म्हातारा काही दिसला नाही. घरी आलो, ८४ भरलो होतो त्या सकाळी, खुशीत पिशवी ओट्यावर ठेवली.

बायकोनं पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "एवढ्या रताळ्यांचं करू काय? तुपात गूळ घालून घाऱ्या करू?"

मी म्हटलं, कर की. सायकल मारून आलोय.