वास येत नाही, तरी येते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. एरवी मी "येते, बरं वाटतं" म्हणून विषय बदलते. कोविडमध्ये तुझं नाक गेलं, मग शुक्रवारी आमच्याबरोबर वाइन बारला कशाला येतेस? तुला पाणी काय नि वाइन काय, सारखंच ना?

सारखंच नाही. जिभेला आंबट, गोड, कडू कळतं. रेड वाइनमधलं टॅनिन गाल आणि हिरड्या आतून ओढून धरतं. तो वास नाही, चवही नाही, स्पर्श आहे आणि तो माझा शाबूत आहे. नेबिओलो आणि पिनो न्वार या दोन रेड वाइन मी आजही डोळे मिटून वेगळ्या सांगेन. पहिलीने तोंड कोरडं पडतं, दुसरी अलगद उतरते. हे कितीदा सांगितलं, पण कुणी ऐकूनच घेत नाही.

आता जे सांगत नाही ते. आपण जिला वाइनची चव म्हणतो ती बरीचशी नाकालाच कळते. घोट गिळताना घशामागून हवा वर नाकात जाते, तेव्हा फळं, फुलं, लाकूड सगळं उमटतं. माझ्याकडे तिथे काहीच उमटत नाही.

आणि ती संध्याकाळ. तोवर मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. आम्ही पाच जणी होतो. वेटरने बाटली दाखवली, बूच काढलं आणि घोटभर वाइन नेहमीसारखी माझ्याच ग्लासात ओतली, कारण निवड कायम माझी असायची. मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं. खिडकीच्या काचेला नाक लावावं तसं वाटलं. नेहमी जेवढा वेळ घ्यायचे तेवढा घेतला आणि म्हणाले, "छान आहे, ओता."

साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत बरोबर पाच ग्लास होतात. पाचही भरले. एकीने वास घेतला आणि ग्लास थोडा लांब धरला. दुसरीने घोट घेऊन माझ्याकडे पाहिलं. शेजारची हळूच म्हणाली, "अगं, ही अशीच असते का?"

मी म्हणाले, "हो, थोडी मातकट असते ही."

त्या प्यायल्या. माझ्या शब्दावर प्यायल्या. ग्लास उचलायला आलेल्या वेटरने एक ग्लास नाकाशी नेला आणि ओशाळून म्हणाला, "मॅडम, बूच लागलंय हिला. बदलून दिली असती की." बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाने वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. अपाय काही नाही, पण वाइनची मजा गेलेली असते. तो पहिला घोट देतात तो असलं काही पकडायला. मी सोडून सगळ्यांना कळलं होतं. बाहेर पडल्यावर, दारातच, मी खरं सांगितलं.

तेव्हाची मी म्हणते, संध्याकाळ बिघडू नये म्हणून बोलले तसं. मला ते पटत नाही. "हिला वाइन कळते" ही त्या टेबलावरची माझी जागा होती आणि ती मला सोडायची नव्हती. मात्र लगेच वाटतं, आयुष्यभर कमावलेलं एका तापात गेलं, तर चार महिने लपवावंसं वाटणार नाही का कुणाला? यावर माझं माझ्याशी अजून जमलेलं नाही.

उपाय केला नाही असं समजू नका. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज दोनदा हुंगते. 2009 साली हुमेल या संशोधकांच्या गटाने नाकाला वासाचा सराव देण्याची ही पद्धत तपासली तेव्हा बारा आठवडे दिले होते. माझे त्याच्या कितीतरी पुढे गेले. लवंग कधीकधी येते. बाकीचं नाही.

आता पहिला घोट दुसरी घेते. तिच्या चेहऱ्याकडे बघताना मला हेवा वाटतो, हे तिलाही माहीत आहे. मी विचारते, "काय येतंय?" ती म्हणते, "चेरी." मी म्हणते, "कसली? पिकलेली, आंबट, का मुरवलेली?" मग ती पुन्हा नाक घालते, थांबते आणि म्हणते, "थांब हं, सांगते." त्या थांबण्यासाठी मी येते. ते पुरेसं आहे का, हे तुम्ही पुढे विचारणारच. काही शुक्रवारी असतं. काही शुक्रवारी मी लवकर उठून घरी जाते.